रिकाम्या गाडीचं मोल

बेलापूर सोडून सायन-पनवेल महामार्गाने पुढे निघालं की डाव्या हाताला खारघरच्या टेकड्या दिसू लागतात, आणि पनवेल महापालिकेची हद्द सुरू होता होता बेलपाडा लागतं. मूळचं आगरी गाव. सिडकोने भातशेती घेतली, गावाभोवती खारघरचे सेक्टर उभे राहिले, २०२३ पासून गावाच्या नावाचं मेट्रो स्थानकही आहे. पण बेलपाड्याचा खरा शेजारी म्हणजे महामार्ग. मागे वाशीचा घाऊक बाजार, टेकडीपलीकडे तळोज्याची एमआयडीसी, पुढे कळंबोलीचा लोखंड बाजार, तिथूनच सुरू होणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग आणि उरणच्या अंगाला न्हावा-शेवा बंदर. मुंबईच्या ताटात पडणारा कांदा, मुंबईच्या इमारतींत जाणारी सळई, मुंबईच्या नावाने परदेशातून येणारा कंटेनर, यातलं बरंच काही या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यातून जातं.

हे सगळं इथे आलं तेही ओघाने नव्हे, ठरवून. मुंबईची गोदामं पूर्वी गोदीला चिकटून होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. धान्य होतं तिथे उंदीर होते, उंदीर होते तिथे पिसवा होत्या. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाने पहिले आजारी पाडलेल्यांत गोदीत नेमणूक असलेला पोलीस शिपाई होता. मालाच्या वाटेने रोग येतो हे मुंबईने दोनदा भोगून पाहिलं. पुढे गर्दीला कंटाळून शहराने ही सगळी उलाढाल खाडीपलीकडे ढकलली. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये वाशीला आला, त्याच्या मागोमाग बाकीचे घाऊक बाजार आले, लोखंडाचे व्यापारी कळंबोलीला आले, आणि २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे जेएनपीटी, सुरू झालं. त्यामुळे २०२० साल उजाडलं तेव्हा मुंबईची कोठी मुंबईत नव्हतीच.

या वेळी रोग कोरोनाचा, आणि तो विमानाने आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पनवेलमध्ये लागण झालेल्यांत मुंबई विमानतळावर नेमणुकीला असलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. रोग आला वरून, बंद पडली ती खालची वाट. राज्याने मार्चच्या मध्याला जो कायदा लागू केला तो मात्र मांडवीच्या प्लेगमुळेच झालेला, १८९७ चा साथरोग कायदा.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश निघाला. त्यात वाहतुकीला बंदी होती, सूट होती ती फक्त अत्यावश्यक मालाच्या वाहतुकीला. वाचायला हे वाक्य अगदी रास्त वाटतं. दूध जाऊ द्या, औषध जाऊ द्या, फ्रीज आणि फरशा थांबू द्या. टाळेबंदी हवी होती की नको हा वाद वेगळा. पण ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने कधी ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात बसून एखादी बिल्टी फाटताना पाहिली नसावी. औषधाच्या गोळ्यांना पत्रा लागतो, पत्र्याला खोका लागतो, खोक्याला कागद लागतो, आणि कागदाचा ट्रक नाक्यावरच्या हवालदाराला अत्यावश्यक दिसत नाही. त्याहून मोठी गोम म्हणजे दुधाचा ट्रक दूध उतरवून परत येतो तेव्हा त्यात काहीच नसतं. रिकाम्या गाडीत अत्यावश्यक काय आहे?

मालवाहतुकीचा सगळा हिशेब परतीच्या भाड्यावर उभा असतो. कळंबोलीहून सळया घेऊन नागपूरला गेलेल्या ट्रेलरला जाण्याचं भाडं मिळतं, पण त्यातून डिझेल, टोल, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि टायरची झीज वजा जाता मालकाच्या हाती फारसं उरत नाही. तिकडून संत्री मिळोत, कोळसा मिळो, काहीतरी भरून आलं तरच फेरी सुटली असं म्हणतात. आपल्याकडचे बहुतेक ट्रकमालक हे एक-दोन, फार तर पाच गाड्यांचे धनी. त्यांच्या डोक्यावर फायनान्सचा हप्ता असतो आणि हप्त्याला गाडी भरलेली की रिकामी हे कळत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देशभर लाखो गाड्या जिथे होत्या तिथे उभ्या राहिल्या. कुणी माल भरून कारखान्याच्या बंद फाटकापाशी, कुणी राज्याच्या सीमेवर, कुणी माल उतरवून रिकामे, परतीचं भाडं नाही आणि रिकामं जायला परवानगी नाही अशा त्रांगड्यात.

दिल्लीलाही हे कळायला लागलं. २९ मार्चला गृहसचिव अजय भल्ला यांनी राज्यांना पत्र पाठवलं की अत्यावश्यक आणि बाकीचा असा भेद न करता सगळ्याच मालाची वाहतूक होऊ द्या. पाच दिवसांत आदेश उलटा फिरला हे बरं झालं. पण पत्र मुख्य सचिवांच्या टेबलावरून नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोचायला वेळ लागतो. मग १२ एप्रिलला पुन्हा पत्र. त्यात दोन गोष्टी पहिल्यांदा फोड करून सांगाव्या लागल्या. एक, रिकामा ट्रकही जाऊ द्यावा. दुसरी, ड्रायव्हर आणि क्लीनरला घरून गाडीपर्यंत जाऊ द्यावं, स्थानिक प्रशासनाने त्यांना मदत करावी. म्हणजे एकोणीस दिवस गाडीला रस्ता मोकळा होता की नाही यावर खल चालला होता, आणि गाडी चालवणारा माणूस आपल्या घरातून निघून गाडीपाशी येणार कसा, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. लोकल बंद, एसटी बंद, रिक्षा बंद. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर उभी असलेली गाडी आणि तिचा वाड्यावस्तीवर अडकलेला चालक यांच्यामध्ये पोलिसांच्या चौक्या होत्या.

जे ड्रायव्हर गाडीपाशी होते त्यांची तऱ्हा निराळी. महामार्गावरचा ड्रायव्हर ढाब्यावर जगतो. तिथे तो जेवतो, अंघोळ करतो, बाजेवर पाठ टेकतो, फोन चार्ज करतो आणि पुढे कुठल्या नाक्यावर अडवतात याची खबर घेतो. ढाबे बंद झाले. पंक्चरवाला, स्प्रिंगपट्टीवाला, ऑइलवाला बंद झाला. चौदा-सोळा चाकांच्या गाडीचा एक टायर फुटला तर ती दुधाने भरलेली असली काय आणि दगडाने भरलेली असली काय, उभीच राहते. टोल २६ मार्चपासून माफ झाला होता. पण उभ्या गाडीला टोलमाफीचा काय उपयोग? महामार्गावरचे ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकानं उघडायला स्पष्ट परवानगी मिळाली १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत, आणि ती लागू झाली २० एप्रिलला. त्याच दिवशी टोलही पुन्हा सुरू झाला, हा योगायोग ट्रकवाल्यांच्या ध्यानात राहिला.

गावाकडेही स्वागत नव्हतं. बाहेरून आलेल्याला चौदा दिवस शाळेत ठेवायचं हा त्या दिवसांतला गावोगावचा शिरस्ता. एका फेरीमागे चौदा दिवस बसून काढायचे तर महिन्यात फेऱ्या होणार किती? पुष्कळ चालकांनी गाडीची किल्ली मालकाकडे दिली आणि घरी थांबणं पसंत केलं. त्यांना दोष देता येत नाही.

त्याच वेळी काही कंटेनर भलत्याच मालाने भरले. मार्चच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात पोलिसांनी दोन कंटेनर अडवले. आत तेलंगणातून राजस्थानकडे निघालेले तीनशेहून जास्त मजूर दाटीवाटीने बसलेले होते. माणसांची वाहतूक बंद, मालाची चालू, तेव्हा माणसं माल झाली.

हमालीचं काय झालं तेही बघायला हवं. या पट्ट्यातला बराच माल माथाडी कामगारांच्या पाठीवरून चढतो-उतरतो. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. हे कामगार मुख्यतः सातारा, सांगलीकडचे, आता घरं नवी मुंबईत. वाशीच्या बाजारात साथ शिरली तेव्हा व्यापारी, माथाडी आणि बाजार समितीचे लोक आजारी पडू लागले आणि ११ ते १७ मे असा आठवडाभर पाचही बाजार बंद ठेवावे लागले. नाशिकहून कांदा घेऊन ट्रक आला तरी तो उतरवणार कोण? मे महिन्यातच पनवेल स्थानकातून श्रमिक विशेष गाड्या सुटल्या. त्यातून गेलेले लोक गोदामांत, कारखान्यांत, बांधकामांवर राबणारे होते. रस्ता उघडला तोवर रस्त्याच्या दोन्ही टोकांची माणसं पांगली होती.

बंदराची कोंडी वेगळ्या तऱ्हेची. जेएनपीटी बंद झालं नाही, जहाजं येतच राहिली, कारण ती तीन-चार आठवड्यांपूर्वीच कुठून कुठून निघालेली होती. आयातीचा कंटेनर ट्रेलरच्या चेसिसवर चढतो, कंटेनर फ्रेट स्टेशनला जातो किंवा थेट कारखान्याला. कारखाना बंद असला की तो उतरत नाही. तो उतरला नाही की चेसिस मोकळी होत नाही. चेसिस मोकळी नाही म्हणून बंदरातला पुढचा कंटेनर तिथेच, आणि तो जागा अडवतो म्हणून जहाजावरचा आणखी पुढचा तसाच. जहाज कंपन्या कंटेनर वेळेत परत न दिल्याचा दंड लावतात. केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाने २२ मार्च ते १४ एप्रिलपर्यंतचा तो दंड घेऊ नका असं सांगितलं. इथेही अडलं होतं ते रिकामं होण्यावाचून. २०१९-२० मध्ये या बंदराने पन्नास लाखांच्या वर कंटेनर हाताळले होते, वीस फुटी मापाने मोजले तर. पुढच्या वर्षी आकडा ४६.८ लाखांवर आला. वर्षाच्या अखेरीला उलटंच झालं. निर्यातदारांना रिकामे कंटेनर मिळेनात, कारण जगातले बरेचसे अमेरिकेच्या बंदरांत आणि गोदामांत अडकून पडले होते, आणि सागरी भाडी कडाडली.

पैशाचं थोडक्यात. माल पाठवताना काढायचं ई-वे बिल हा मालवाहतुकीचा नाडीचा ठोका मानला तर फेब्रुवारी २०२० मध्ये देशात सुमारे ५.७ कोटी बिलं निघाली होती, एप्रिलमध्ये सुमारे ८६ लाख. रिझर्व्ह बँकेने हप्ते आधी तीन महिने, मग ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली. व्याज चालू राहिलं. फिटनेस, परमिट, लायसन्सच्या मुदती वाढवल्या गेल्या, त्या वाढत वाढत २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत गेल्या, आणि हे काम सरकारने खरोखर नीट केलं. डिझेलचं मात्र काही केल्या पटत नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला, आणि ५ मेच्या रात्री केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. तेव्हा तो तेल कंपन्यांच्या नफ्यातून गेला असं सांगितलं गेलं. ७ जूनपासून पंपावरचे भाव रोज चढू लागले. सप्टेंबरपर्यंत ई-वे बिलं पुन्हा जुन्या आकड्याला पोचली, गाड्या धावू लागल्या, आणि बहुतेकांना वाटलं की संपलं.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट राज्यावर कोसळली. १४ तारखेच्या रात्रीपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध आले, मालवाहतूक या वेळी पहिल्यापासून मोकळी होती, एवढं आपण शिकलो होतो. आता टंचाई प्राणवायूची होती. राज्यात दिवसाला साधारण साडेबाराशे टन प्राणवायू तयार होत होता, तळोज्यात होत होता, पेणजवळ डोलवीच्या पोलाद कारखान्यात होत होता, आणि तो सगळाच्या सगळा रुग्णालयांना देऊनही पुरत नव्हता. देशात प्राणवायू होता. पण तो होता पूर्वेला, राउरकेला, बोकारो, जमशेदपूर, विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यांत, कारण झोतभट्टीला तो लागतो. रुग्ण होते पश्चिमेला आणि उत्तरेला.

द्रवरूप प्राणवायू उणे १८३ अंशांना उकळतो. त्याला दुहेरी भिंतीचा टँकर लागतो, दोन भिंतींच्या मध्ये निर्वात पोकळी. तरीही उष्णता आत शिरतेच, थोडा वायू होतो, दाब चढतो. तो बघत बघत जावं लागतं. धक्के नकोत, जोराचा ब्रेक नको. असा टँकर चालवायला घातक मालाचं प्रशिक्षण घेतलेला चालक हवा. आणि देशातले हे टँकर मोजके होते, कारण साध्या दिवसांत गॅस कंपन्या जवळपासच्या कारखान्यांना आणि रुग्णालयांना माल पोचवत. दीड-दोन हजार किलोमीटरवर टँकर धाडण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. विशाखापट्टणमहून भरलेला टँकर रस्त्याने यायला तीन दिवस. पण आधी तो तिकडे रिकामा जायला हवा, त्याचे आणखी तीन. टँकर रिकामा होऊन भट्टीपाशी परत जाईपर्यंतचा प्रत्येक तास कुठल्यातरी वॉर्डातून वजा होत होता. वर्षापूर्वी ज्या रिकाम्या गाडीचा उल्लेख करायला आदेशाला एकोणीस दिवस लागले, ती आता देशातली सगळ्यात मोलाची वस्तू झाली. हवाई दलाने २३ एप्रिलच्या सुमारास रिकामे टँकर सी-१७ विमानांत घालून कारखान्यांकडे न्यायला सुरुवात केली. भरलेले विमानातून नेता येत नाहीत.

त्याच्या आधी कळंबोलीने एक गोष्ट करून दाखवली होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी रेल्वेला विचारलं होतं की टँकर रेल्वेवरून नेता येतील का. कल्पना रायगडला नवी नव्हती. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवते आहे. अडचण होती उंचीची. वाघिणीचा पाट जमिनीपासून १२९० मिलिमीटर, त्यावर टँकर, आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार. वाटेत बोगदे, पूल, फलाटांची छपरं. १८ एप्रिलला बोईसरला एक टँकर वाघिणीवर चढवून मापं घेतली. बऱ्याच नमुन्यांतून टी-१६१८ जातीचा, ३३२० मिलिमीटर उंचीचा टँकर बसेल असं ठरलं. कळंबोलीच्या मालधक्क्यावर टँकर चढवायला उतार हवा होता. तो चोवीस तासांत बांधला गेला. १९ एप्रिलच्या रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी सात रिकामे टँकर पाठीवर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून सुटली.

सरळ वाट कल्याण-कसाऱ्याची. पण घाटात तार आणि टँकर यांच्यातली जागा पुरेना, म्हणून गाडी वळसा घालून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर अशी गेली. १८५० किलोमीटरहून जास्त, पन्नासहून जास्त तास. ती वाटेत असतानाच २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीत प्राणवायू भरताना गळती झाली, दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तिथे प्राणवायू दारापर्यंत पोचलेला होता. शेवटच्या काही फुटांची वाहतूकसुद्धा वाहतूकच असते हे त्या दिवशी कळलं, आणि फार महागात कळलं.

गाडी विशाखापट्टणमला २२ तारखेच्या पहाटे पोचली. दहा तासांत सात टँकर भरले, शंभर टनांवर. परतताना भरलेल्या टँकरांचा दाब वाटेत तपासत, गाडीला हिसके न देता, एकवीस तासांत नागपूर. तिथे तीन टँकर उतरले. बाकीचे चार बारा तासांत नाशिकला, २४ एप्रिलच्या सकाळी. शंभर टन म्हणजे राज्याची जेमतेम दोन तासांची गरज, त्यामुळे या गाडीने महाराष्ट्र वाचवला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण वाट सापडली होती. २६ एप्रिलला गुजरातेतल्या हापाहून तीन भरलेले टँकर, सुमारे ४४ टन, कळंबोलीच्या त्याच धक्क्यावर उतरले आणि रस्त्याने पुढे गेले. पुढच्या आठवड्यांत अशा गाड्या देशभर धावल्या.

मग चालकांकडे लक्ष गेलं. टँकर रात्रंदिवस फिरवायचे तर एका टँकरला एक चालक पुरेना, आणि प्रशिक्षित चालक हाताशी नव्हते. मे महिन्यात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की पाचशे प्रशिक्षित चालक तातडीने तयार ठेवा, दोन महिन्यांत ही संख्या अडीच हजारांवर न्या. त्यांना लस प्राधान्याने द्या, आजारी पडले तर रुग्णालयात आधी घ्या. आघाडीवरच्या कामगारांच्या केंद्राच्या यादीत पोलीस होते, सैनिक होते, पालिकेचे आणि महसुलाचे कर्मचारी होते, ट्रकचालक नव्हता. कांद्याच्या, सळयांच्या, कंटेनरच्या गाडीवरच्या माणसाला आपल्या वयाची पाळी येईपर्यंत थांबावं लागलं: पंचेचाळीसच्या पुढच्यांना १ एप्रिल, अठराच्या पुढच्यांना १ मे. तरुणांना सुरुवातीला मोबाइलवर केंद्र आणि दिवस ठरवूनच जायचं होतं. त्यातून कळंबोलीत पहिला डोस मिळालाच, तर कोविशील्डचा दुसरा बारा ते सोळा आठवड्यांनी. आणि त्या दिवशी आपण पनवेलला असू की पानिपतला, हे लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला तीन दिवस आधीसुद्धा सांगता येत नाही, परतीचं भाडं कुठलं मिळतं यावर ते असतं.